इर्जिकीचं जेवण

महिपतीनं वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, काठी कुडाला टेकवली आणि तो दोनदा मोठ्यानं खाकरला. मग पागोळ्यांखाली भिजत तसाच थांबून राहिला. आत बांगड्या वाजल्या, पाट सरकल्याचा आवाज झाला. आतल्या बाईला पदर सावरायला पुरेसा वेळ मिळाला असेल असं वाटल्यावर तो वाकून स्वतःच्याच घरात शिरला.

अंबू चुलीच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून उभी होती. पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलेला. केस कधीच पांढरे झालेले, पाठीला बाक आलेला, पण उभं राहण्याची तऱ्हा मात्र काल-परवा घरात आलेल्या नवरीची. तिनं ताट वाढून पाटापुढं ठेवलं होतं. चुलीजवळ मनी मांजर अंग शेकत पडली होती. अंबू तिच्याशी बोलली.

“मने, मामंजींस्नी सांग, भाकरी वाढलीया.”

“मने, बसलो म्हनावं,” महिपती पाटावर टेकत म्हणाला.

“अन् इचार त्यांस्नी, ह्ये कुटं ऱ्हायलं? दिस कलला की.”

“त्यो कुसगावला इर्जिकीला गेलाय. तितंच जेवंल. सूनबायला म्हनावं, वाट बघू नगं, तू जेवून घे.”

अंबूनं मान हलवली. आपल्यासाठी अर्धी भाकरी आणि कालवणाची वाटी घेऊन ती कुडाच्या पलीकडं गेली. महिपतीनं हातातला घास तसाच धरून कान दिला. वाटीला भाकरी पुसल्याचा आवाज आला, मग चावण्याचा. तेव्हा कुठं त्यानं स्वतःच्या तोंडात घास घातला.

नव्या सुनेनं सासऱ्याशी तोंड वर करून बोलायचं नसतं. घरात लहान पोर असलं तर ते मधे धरून बोलायचं. पोर नसलं तर गाय, वासरू, मांजर, हाताशी जे असेल ते. महिपतीच्या घरातला सगळा संसार हल्ली मनीच्या कानातून चालला होता. मनीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

अंबू आधी वस्तू विसरायला लागली, मग दिवस, मग माणसं. कुरवंडे गावातल्या लोकांनी त्याला म्हातारचळ असं नाव देऊन विषय मिटवला. मुंबईच्या गिरणीतला मुलगा गेणू गौरी-गणपतीला आला, तेव्हा अंबूनं त्याला पायांवर पाणी घ्यायला तांब्या दिला आणि पाहुणे कोणत्या गावचे म्हणून विचारलं. गेणू दोन दिवस आधीच परत गेला. जाताना बापाला म्हणाला, “दादा, तुमीच कसं काय ऱ्हाताय हितं?”

मग एका सकाळी धार काढून महिपती घरात आला, तर अंबूनं झटकन पदर ओढला आणि ती बाजूला सरली. कोण मोठं माणूस आलं म्हणून महिपतीनं मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. दुधाची चरवी हातात धरून तो तिथंच उभा राहिला, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्याचा बाप रखमाजी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण म्हातारपणी महिपती हुबेहूब त्याच्यावर गेला होता. त्याच झुपकेदार मिशा, तसंच एक खांदा वर करून चालणं. अंबूच्या मनात गावाजवळच्या धरणाची भिंत अजून बांधून व्हायची होती, ती स्वतः नुकती नांदायला आली होती आणि तिचा नवरा तरणाबांड होता. हा म्हातारा कोण, तर अर्थातच सासरा.

सासरा झाल्याचं दुःख महिपतीनं गिळलं असतं. जन्मभराच्या संसारात नवरा-बायको बोलतात तरी किती? गुरं, पाऊस, पोराची खुशाली. पण संध्याकाळी ओट्यावर बसलं की ती पलीकडं तांदूळ निवडत असायची, आणि मधे काही न बोलता वेळ जायचा. तो वेळ आता उरला नव्हता. तो ओट्यावर आला की ती उठून आत जायची. सासऱ्यासमोर बसत नाहीत. महिपतीला घरात कोणी नसण्यापेक्षा हे जास्त एकटं वाटायचं.

खरा घोर वेगळाच होता. नवरा जेवल्याशिवाय अंबू जेवत नसे. नांदायला आल्यापासूनचा तिचा नेम. आणि तिचा नवरा तर येतच नव्हता.

ती सासऱ्याला वाढी, मग नवऱ्याचं ताट झाकून दाराकडं तोंड करून बसे. महिपतीनं सासऱ्याच्या अधिकारानं दरडावलं, “जेव म्हनतो न्हवं?” तेव्हा तिनं भीतीनं एक घास खाल्ला आणि उरलेली भाकरी नवऱ्यासाठी लपवून ठेवली. पुढं कणगीतून भात काढताना त्याला अशा कितीतरी भाकरी सापडल्या, काही मुंग्यांनी पोखरलेल्या, काहींना बुरशी आलेली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. गाल आत गेले. एकदा पाण्याची घागर उचलताना ती जागीच खाली बसली, तेव्हा महिपती हबकला.

त्यानं एक युक्ती करून पाहिली. गाठोड्यातून लग्नातलं लाल पागोटं काढलं, मिशा कात्रीनं बारीक केल्या आणि खाकरणं वगैरे काही न करता मागच्या दारानं, तरणेपणी शेतावरून यायचा तसा, आत शिरला. अंबूनं वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या छातीत धडधडायला लागलं, अगदी पहिल्या दिवसासारखं. मग तिनं पदर ओढला.

“मने,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “मामंजींनी ह्यांचं पागुटं का गं घातलंय?”

त्यानं पागोटं परत गाठोड्यात बांधून टाकलं.

इर्जिकीची गोष्ट त्याला आषाढात सुचली. लावणीआधीच्या चिखलणीचे दिवस होते. ज्याच्या खाचरात काम निघेल त्याच्याकडं सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, आणि मजुरीऐवजी त्या घरानं साऱ्यांना पोटभर जेवू घालायचं, ही इर्जिकीची रीत. इर्जिकीला गेलेला माणूस घरी जेवायला येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. महिपतीनं मनीला सांगितलं की पोरगा इर्जिकीला गेलाय, तिकडंच जेवणार. आणि अंबू शहाण्यासारखी उठून जेवली. इतकी साधी गोष्ट इतके दिवस का सुचली नाही, म्हणून त्यानं स्वतःला शिव्या घातल्या.

सारा पावसाळा या एका थापेवर निघाला. कधी कुसगाव, कधी आंबी. आंबी तर इथून कुठल्या कुठं, पण अंबूनं कधी हरकत घेतली नाही. तिच्या अंगावर थोडं मांस आलं. महिपती रोज दुपारी घराबाहेर खाकरायचा, रोज थाप मारायचा आणि कुडाअलीकडं बसून तिचं जेवणं ऐकायचा. माणूस कशावरही दिवस काढतो.

पण भात कुणासाठी थांबत नाही. ते पोटरीला आलं, निसवलं, पिवळं पडलं. दसऱ्याच्या सुमारास हळवं, लवकर पिकणारं भात कापणीला आलं आणि अंबू एका दुपारी ताट वाढता वाढता थबकली.

“मने, अशी कशी गं इर्जिक? कापनी तोंडावर आली अन् कोन चिखलनी करतंय?”

महिपतीनं हातातला घास परत ताटात ठेवला. तिच्या डोक्यातली माणसं इकडची तिकडं झाली होती, मेलेले उठून बसले होते, जिवंत हरवले होते. पण शेताचं पंचांग जसंच्या तसं शाबूत होतं. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

“इर्जिक न्हाई,” तो घाईनं म्हणाला. “धरनाच्या कामाला लागलाय त्यो.”

“धरनावर भाकरी घरनं बांधून न्यावी लागती. म्या बांधून दिली न्हाई.”

महिपती मान खाली घालून भाकरी कुस्करायला लागला. आपली थाप आपल्याच पायात आलेल्या माणसानं दुसरं काय करायचं?

आपली भाकरी घेऊन ती कुडापलीकडं गेली. मग अंबूचा आवाज आला, आणि या वेळी तिनं मनीचं नावसुद्धा घेतलं नाही.

“म्हंजी त्यांस्नी कुनीतरी वाढती. रोज वाढती.”

त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. रागानं जेवली, भाकरीचे लचके तोडल्यासारखे तोडून. महिपतीनं ते सगळं ऐकलं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली. जन्मात दुसऱ्या बाईकडं मान वर करून न पाहिलेला माणूस तो. जत्रेतल्या तमाशालासुद्धा न बसता बैलांपाशी झोपून यायचा. आता म्हातारपणी बायकोच्या मनात बाहेरख्याली ठरला. बरं, खुलासा करावा तर ती पुन्हा झाकलेल्या ताटापुढं बसणार. ती जेवत होती. बाकी आपलं नाव गेलं तर गेलं, असं त्यानं ठरवून टाकलं.

पण नाव एकट्याचं जात नाही.

शेजारी रतनबाई राहायची. ऐन तारुण्यात नवरा गेलेला, पदरात एक लग्नाची पोर. अंबूचं भान सुटायला लागल्यापासून ती कधी भाजीची वाटी, कधी पिठल्याचं भगुलं आणून द्यायची. आबा आणि मावशी म्हणायची दोघांना. कापणी सुरू झाल्यावर एक दिवस ती अशीच भगुलं पदराखाली धरून आली, आणि मागच्या दारात अंबूनं तिला अडवलं.

“कुनासाठी आनलंय?”

“घरात समद्यांसाठी, मावशी. गरम हाय.”

“समद्यांसाठी!” अंबूनं भगुलं हिसकून घेतलं आणि अंगणात भिरकावलं. “माझ्या धन्याला रोज खायाला घालतीस अन् मला मावशी म्हनतीस, सटवे? लाज न्हाई वाटत? कपाळ पांढरं झालं म्हनून दुसऱ्याच्या कुकवावर डोळा ठिवतीस?”

पलीकडच्या अंगणात भात झोडत होते. हात थांबले. रतनबाईनं मातीतून भगुलं उचललं, पदरानं पुसलं आणि ती गेली. महिपती गोठ्याच्या दारात उभा होता. त्याला पुढं होऊन काहीतरी म्हणायचं होतं, पण सासरा म्हणून काय म्हणणार आणि नवरा म्हणून काय?

रात्रभर विचार करून त्यानं दुसऱ्या दिवशी खरं ते सांगितलं. निदान खऱ्याच्या जवळचं.

“मने, सूनबायला म्हनावं, बाई-बिई काय न्हाई. त्यो तसा न्हाई. कामाला गेलाय, यील.”

अंबूचा चेहरा पदराआड होता, पण खांदे सैल झालेले दिसले. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. मग दोन ताटं वाढली, सासऱ्याचं सासऱ्यापुढं ठेवलं, दुसरं झाकलं आणि दाराकडं तोंड करून ती बसली. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नवरा चांगला आहे, येणार आहे, मग वाट बघायला काय हरकत?

तिसऱ्या दिवशी सकाळी महिपती रतनबाईच्या दारात गेला. ती जात्यावर बसली होती. तिनं जातं थांबवलं, पण बसा म्हणाली नाही.

“चुकलं तिचं,” तो म्हणाला. “तिला कळत न्हाई.”

“मला काय राग न्हाई, आबा. मावशीचा कसला राग? पर पोरीला बघाया लोक येनार हायेत. गावात आत्ताच तोंडं हलाया लागल्यात. तुमी तिला सांगा, तसं काय न्हाई म्हनून.”

“सांगितलं.”

“मग?”

“परवापास्नं उपाशी हाय.”

रतनबाईनं पीठ हातानं गोळा केलं. ती महिपतीकडं बघत नव्हती. बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग, हसू आणि कीव असं सगळंच कालवलेलं होतं.

“मग खोटीच ठिवायची तर लांबची ठिवा की, आबा. शेजारची कशाला?”

महिपतीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. पण घराकडं वळताना ते कुठं विरलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

दुपारी तो खाकरून आत आला. ऊन खाली उतरलं होतं आणि मनी कुठंतरी बाहेर उंडारायला गेली होती. अंबू झाकलेल्या ताटापुढं बसली होती. त्याला पाहून ती उठायला गेली, पण उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

“बस,” तो म्हणाला. “बसूनच ऐक.”

ती बसली, पाठमोरी. महिपती उंबऱ्यावर टेकला. बोलायला मधे कुणी नव्हतं.

“सूनबाय, पोरगा यायचा न्हाई जेवाया. तू म्हनत हुतीस त्येच खरं हाय. हाय एक बाई. पर ती रतन न्हाई. रतनला उगं बोललीस तू.”

अंबूनं पदर आणखी पुढं ओढला. मग तिनं सरळ त्यालाच विचारलं. सासऱ्याशी तोंडानं बोलायची तिची ही पहिलीच वेळ असावी, कारण आवाज थरथरत होता.

“कुटली?”

“लोनावळ्याकडची.”

“आपल्यातली?”

“व्हय.”

“कशी हाय?”

दुसऱ्या बाईचं वर्णन करायचं तर आधी दुसरी बाई नीट पाहिलेली हवी. महिपतीकडं भांडवल एकच होतं. तो तेच काढून बसला.

“सावळी हाय. बुटकी. लय बोलत न्हाई, पर बोलली तर नेमकं बोलती. रागावली की भांडी आपटती, मानसाला काय म्हनत न्हाई. पान्याला जाताना आपल्याशीच काय तरी गुनगुनती अन् कुनी बघितलं की गप व्हती.”

“चांगली हाय म्हना की.”

“चांगली हाय.”

“त्यांस्नी पोटभर घालती?”

“घालती. नगं म्हनलं तरी आनिक एक टाकती.”

अंबूनं झाकलेल्या ताटावरचं ताट काढलं, पाहिलं, परत झाकलं. आता ही रडणार, नाहीतर ताट भिरकावणार, असं महिपतीला वाटलं. रागानं का होईना, पण जेवावं एवढंच तो मनात म्हणत होता.

“मग त्यांचं काय चुकलं?” ती म्हणाली.

महिपतीला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“माझ्या भाकरी करपत्यात, मामंजी. मीठ घातलं का न्हाई त्ये ध्येनात ऱ्हात न्हाई. चुलीपुढं बसती अन् कशाला बसली त्येच आठवत न्हाई. पान्याला गेलं की वाट एकदम कुनी पुसून टाकल्यावानी व्हती. मग म्या तितंच हुबी ऱ्हाती, कुनी बाई दिसली की तिच्या मागनं चालत येती.” ती थांबली. “म्या कुनाला सांगितलं न्हाई. नवी सून येडी निघाली म्हनून माघारी धाडाल. ह्यांस्नी तर आजाबात सांगितलं न्हाई. पर त्यांस्नी कळलंच असंल. दुसरीकडं जेवतील न्हाईतर काय करतील?”

महिपती उंबऱ्यावर तसाच बसून राहिला. इतक्या दिवसांत त्याला एका गोष्टीचा आधार होता. हिला काही कळत नाही, जे सोसायचं ते आपण एकट्यानं सोसतोय, ती बिचारी सुटली, असं तो स्वतःला सांगत आला होता. ती सुटली नव्हती. ती शेजारच्या खोलीत, पदराआड, एकटीच घाबरून बसली होती, आणि ज्याला सांगायचं तो माणूसच तिला सापडत नव्हता. महिपतीला रडू आवरेना. त्यानं उपरण्याचं टोक तोंडात धरलं. सुनेपुढं सासरा रडत नाही.

“मामंजी, मारू नका त्यांस्नी,” अंबू म्हणाली. “तुमचा हात लय जड हाय.”

“न्हाई मारत.”

“अन् मला माघारी धाडू नका.”

“कोन धाडतंय?” तो म्हणाला. “ह्ये घर तुजं हाय. म्या हाय तवर तुला हितनं कुनी हलवनार न्हाई. ऐकलंस?”

ती वळली आणि जमिनीला कपाळ लावून दुरूनच त्याच्या पाया पडली. लग्नानंतर आपला बाप तिला काय आशीर्वाद द्यायचा ते महिपतीला आठवत होतं.

“जन्मसावित्री हो,” तो म्हणाला.

आयुष्यभर ऐकलेले शब्द. तिनं कुंकू लावून, नवऱ्याच्या आधी जावं, एवढाच त्यांचा अर्थ. आज पहिल्यांदा त्यानं ते मनापासून मागितलं. आपण मागं उरावं. उलटं झालं तर हिच्या दाराबाहेर कोण खाकरणार?

अंबू उठून बसली. डोळे पुसून तिनं घराकडं एक नजर फिरवली, पाहुणे यायचे असले की बाया फिरवतात तशी.

“तिला हितंच आना म्हनावं त्यांस्नी. रोज लांब जायाचं तरी कशाला? जागा हाय. म्या त्या कोपऱ्यात पडून ऱ्हाईन. दोघी मिळून करू.”

“सांगतो.”

“भांडनार न्हाई म्या.”

“ठावं हाय मला.”

“अन् तिला खायाला काय आवडतं, त्येबी इचारून ठिवा. आल्या आल्या करून घालाया बरं.”

“इचारायला कशाला पायजे?” महिपती म्हणाला. “खेकड्याचं कालवन. नांग्या समद्या ताटाच्या कडंला काढून ठिवती. जेवन झालं, भांडी आवरली, की मग एकेक फोडून चोखत बसती. मागल्या दारी, एकटीच. मग कुनी हाक मारू द्या, उठत न्हाई.”

अंबूनं पदर जरासा मागं सारला. कितीतरी महिन्यांनी त्याला तिचा सबंध चेहरा दिसला. ती सासऱ्याकडं बघून चक्क हसली.

“मलाबी तसंच लागतं,” ती म्हणाली. मग तिनं झाकलेलं ताट पुढं ओढलं आणि त्याच्याकडं पाठ करून जेवायला लागली.